टेलिफोनकाकूंचा राहिलेला खुलासा

टेलिफोनकाकू मशीन चाखून बघायच्या. गिऱ्हाइकानं गेमची मशीन टेबलावर ठेवली की त्या आठ-दहा स्क्रू काढून तिचं पोट उघडत, आतल्या हिरव्या बोर्डावरून करंगळी फिरवत आणि ती करंगळी जिभेच्या टोकाला लावत. वरणाचं मीठ बघावं तशा क्षणभर थांबत. मग निकाल देत, "मूर्तिजापूरकडची दिसते. बोअरचं पाणी हाय." गिऱ्हाईक हबकायचं, कारण ते खरंच मूर्तिजापूरहून आलेलं असायचं. काकू तांब्यातल्या पाण्यानं चूळ भरून कामाला लागत. "काकू, असं तोंडात घालू नका, विषारी असतं ते," असं मी एकदा म्हणालो. "तुह्या पेपराच्या शाईपेक्षा कमीच इषारी हाय," असं उत्तर मिळालं. ते ऐकायची पाळी मी माझ्याच हातानं आणली होती.

काकूंचा जन्म टेलिफोन खात्यात गेला. एक्स्चेंजमध्ये तारा जोडायच्या, डाग द्यायचे, हेच काम. घरोघरचे टेलिफोन मुके झाले तशी त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि अकोल्यात जठारपेठेतल्या घराच्या पुढच्या खोलीत गेमच्या मशिनी दुरुस्त करायला बसल्या. टीव्हीला जोडून खेळायचा तो गेमिंग कन्सोल. पण त्याला कन्सोल फक्त मी म्हणायचो, आणि तेही पेपरात. काकू स्वतः एकही गेम कधी खेळल्या नाहीत. पडद्यावर पहिलं चित्र उमटलं की बटण बंद. "टेलिफोन बी दुरुस्त केले मी जलमभर. तं काय लोकायचं बोलणं आयकत बसली?" असं म्हणायच्या.

आमची ओळख माझ्या चुकीतून झाली. ती चूक आठवली की अजून स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटते. मी तेव्हा एका दैनिकाच्या अकोला कचेरीत होतो आणि रविवारच्या पुरवणीत तंत्रज्ञानाचं सदर लिहायचो. लिहायचो म्हणजे काय, परदेशी वेबसाइटवरच्या बातम्या मराठीत उतरवायचो. त्या वर्षी तिकडे कन्सोल तापून बंद पडण्याची मोठी बोंब होती. पंखा कसा चुकला, गिऱ्हाइकं कशी चवताळली, सगळं मी साग्रसंगीत लिहिलं. तरी मजकूर चार ओळी कमी पडला. पान लावणारा ओरडला, "सर, खाली जागा उरली, काहीतरी द्या." मी उभ्या उभ्या टाइप केलं : "वऱ्हाडातील उन्हाळा लक्षात घेता कन्सोल शक्यतो कूलरच्या झोतासमोर ठेवावा. थंड हवेमुळे यंत्र तापत नाही व त्याचे आयुष्य वाढते." परदेशी बातमीला गावची फोडणी दिली म्हणून मी दिवसभर स्वतःवर खूश होतो.

जूनमध्ये एक ठेंगणी बाई कचेरीत आली. खांद्याला पिशवी, पिशवीत स्टीलचा डबा. माझ्या टेबलावर डबा उघडला तर आत मशीनचा बोर्ड, आणि त्यावर पांढरी-हिरवट साय धरलेली.

"सदर तूच लिहितं ना? चाट."

"अहो, पण..."

"चाट मनलं ना. लोकायले चाटवलं तं तू बी चाट."

मी बोट लावून जिभेवर टेकवलं. खारट, आणि मागून कडू.

"आता आयक, बाबू," काकू खुर्ची ओढून बसल्या. "नळाले पाणी येते पाचव्या दिवशी. थे पिण्याले. मंग कूलरात कोणतं टाकतेत लोकं? बोअरचं. आपल्या खारपाणपट्ट्यातलं बोअरचं पाणी म्हंजे अर्धा समुद्र. कूलर थेच हवेत उडवते, मशीनचा पंखा थेच आत वढते. पाणी वाळून जाते, मीठ बसून राह्यते. दोन महिन्यात बोर्ड सडला. तुले हे कावून नाई सुचलं? तू काय लंडनले राहून राह्यला?"

मला सुचलं नव्हतं हे खरं. माझ्या घरच्या कूलरच्या गवताच्या ताट्या दरवर्षी मिठानं दगडासारख्या होतात आणि मी दरवर्षी त्या बडवून काढतो. तरी सुचलं नव्हतं.

तो बोर्ड प्रतिभाचा होता. या मुलीनं मूर्तिजापूरला स्टेशनजवळ तीन मशिनींचं गेम पार्लर काढलं होतं. वडील बाजारात फुलं विकायचे. घरात नवा धंदा करणारी ही पहिलीच. तिनं माझ्या सदराचं कात्रण पार्लरच्या भिंतीला चिकटवलं आणि तिन्ही मशिनी कूलरसमोर मांडल्या. उन्हाळा संपायच्या आत तिन्ही मेल्या. काकूंनी दोन वाचवल्या, तिसरीचा बोर्ड डब्यात घालून माझ्याकडे आणला. सोबत तेच कात्रण होतं, आणि त्याच्या पाठीवर काकूंनी टेलिफोन खात्यातल्या ठसठशीत अक्षरात मजकूर लिहून दिला होता : "कूलरसमोर गेमची मशीन ठेवू नका. खारपाणपट्ट्यातल्या पाण्याचं मीठ आत बसतं आणि मशीन सडते."

"एवढंच छापजो. थ्या पोरीनं तुह्या पेपरावर भरवसा ठेवला. अशा अजून किती असतीन."

मी म्हटलं, येत्या रविवारी छापतो. डबा उचलून द्यायला गेलो तर म्हणाल्या, "राहू दे तुह्यापाशी. नाई तं इसरशीन."

विसरलो नाही. पण छापलंही नाही. आमचे आवृत्तीप्रमुख म्हणाले, "खुलासा मंत्र्यांचा छापतात, कूलरचा नाही. आणि खुलासा दिला म्हणजे आपण चुकलो असं होतं." मी म्हटलं, चुकलोच आहोत. ते म्हणाले, "मग गप्प बसायचं." पुढच्या महिन्यात मी खारपाण्यावरच अख्खं सदर लिहून दिलं, ते "पाहू" म्हणून ठेवलं गेलं आणि त्या जागी नव्या मोबाईलची बातमी गेली. भांडलो का? थोडंसं. नोकरी सांभाळून जेवढं भांडता येतं तेवढं.

टेलिफोन खात्यात आयुष्य काढूनही काकूंना फोनवर बोलायचा भारी कंटाळा. एक वाक्य बोलायच्या आणि ठेवून द्यायच्या. "हॅलो" नाही, "ठेवते" नाही. त्या जूनपासून दर रविवारी सकाळी आठला माझा फोन वाजायचा.

"आलं नाई रे बाबू."

खट्. माझ्या तोंडात सबब तशीच राहायची. पुढे पुढे मी आठ वाजता आंघोळीला जायला लागलो. तर फोन सव्वाआठला यायला लागला. अशी चिवट बाई मी पाहिली नाही, आणि खरं सांगायचं तर कधी कधी मला तिचा संतापही यायचा. एवढ्या शहरात कूलरसमोर मशीन ठेवणारे असे किती असणार? पण तो डबा टेबलाच्या खणात होता, आणि खण उघडला की दिसायचा.

अपराधी वाटून मी त्यांच्याकडे जाऊ लागलो. मे महिन्यात त्यांच्या गच्चीवर एका धोतरावर कुरडया वाळत असत आणि शेजारच्या धोतरावर धुतलेले बोर्ड, वर मलमल पांघरून. बोर्ड बॅटरीच्या शुद्ध पाण्यानं धुवायचे, ब्रशनं घासायचे आणि अकोल्याच्या उन्हात ठेवायचे, ही त्यांची पद्धत. खोलीतल्या फळीवर लोणच्याच्या लहान बरण्या होत्या. बोर्डांवरून खरवडलेलं मीठ गावागावाचं वेगळं ठेवलेलं. गिऱ्हाइकाला "काय झालं?" असं त्या विचारतच नसत. पहिला प्रश्न, "पाणी कोणतं?" दुसरा, "कूलर कुठी?" एकदा चिखलदऱ्याच्या हॉटेलातून मशीन आली. काकूंनी करंगळी चाखली, पुन्हा चाखली आणि कौतुकानं म्हणाल्या, "बाई, ही तं गोडी हाय!" तिच्यात नुसती पावसाळी बुरशी होती. त्या दिवशी त्यांनी मला चहा पाजला.

पेपरवाल्यांविषयी मात्र त्यांचं मत कायमचं झालं होतं. मी लिहिलेल्या बातम्या त्या चष्मा पुसून वाचत आणि पेपर माझ्याच पुढ्यात टाकत. "नवी मशीन निंगाली का बातमी. बिघडली का बातमी. सुधरली का बातमी नाई. आन् बिघडते बी कुठी, तं अमेरिकेत! मशीन कुठी बी बनू दे रे, मरते थे आपल्या गावच्या पाण्यानं. थे कोण लिहीन?"

मी लिहीन, असं मी पुन्हा म्हणालो. आणि संधी आली.

मार्चमधल्या महिला विशेष पुरवणीसाठी वेगळ्या वाटेवरच्या बायका हव्या होत्या. मी काकूंचं नाव दिलं. आवृत्तीप्रमुख खूश झाले. काकू मात्र सहज तयार झाल्या नाहीत. "माहा फोटू नोको. माह्या दोन ओळी छापतं का?" मी शब्द दिला. त्याच भरवशावर त्यांनी ठेवणीतलं लुगडं नेसून फोटो काढू दिला. हातात काय धरू विचारलं, तर फोटोग्राफरनं खेळायचा रिमोट दिला, जो त्यांनी आयुष्यात दाबला नव्हता. लेखात मी त्यांच्या दोन्ही ओळी जशाच्या तशा घातल्या, शेवटी, ठळक.

शेवटचा परिच्छेद जाहिरातीसाठी कापला गेला. तेवढ्यावर भागलं असतं तर मी पचवलं असतं, तेवढा निर्ढावलो होतो. पण पान आकर्षक व्हावं म्हणून पुरवणीच्या डेस्कनं काकूंच्या फोटोखाली एक रंगीत चौकट टाकली, "कन्सोलची अशी घ्या काळजी." मजकूर कुठून घेतला? आमच्याच जुन्या सदरातून. चौथा मुद्दा, "कन्सोल कूलरच्या झोतासमोर ठेवावा." वर काकू हसताहेत, खाली हे. वाचणाऱ्याला वाटावं, त्याच सांगताहेत.

रविवारी सकाळी पुरवणी पाहून मी फोनशेजारी जाऊन बसलो. बरोबर आठ वाजता फोन वाजला.

"आलं रे बाबू," काकू म्हणाल्या. आणि ठेवला.

त्या शिव्या देत्या तर बरं झालं असतं. दुपारी मी जठारपेठेत गेलो. त्यांनी दार उघडलं, पाणी दिलं आणि बोर्डावर डाग देत बसल्या. मी "काकू, डेस्कनं..." असं सुरू केलं, तर म्हणाल्या, "धूर डोळ्यात जाईन, मांगं सरक." त्या रविवारनंतर त्यांचा फोन कधी आला नाही. दर रविवारी आठ वाजता मी मोकळा असायचो.

मे महिन्यात मी त्यांच्याकडे असतानाच प्रतिभा आणि तिचे वडील आले. चादरीत गुंडाळलेल्या दोन मशिनी, त्याच, काकूंनी वाचवलेल्या. प्रतिभा दीड-दोन महिने आजोळी तिवशाला गेली होती आणि पार्लर वडील बघत होते. त्यांनी कूलर पुन्हा मशिनींकडे फिरवला होता.

"पोट्टी मनते ठेवू नोको, पेपर मनते ठेव," वडील कळवळून म्हणाले. "मी मनलं पोरीले काय समजते. पेपरात तं खुद्द तुमचा फोटू, काकू."

काकूंनी स्क्रू-ड्रायव्हर उचलला. दोन्ही मशिनी उघडल्या, करंगळी फिरवली. या वेळी ती जिभेला लावली नाही. खिडकीकडे तोंड करून म्हणाल्या, "माह्या तोंडातून मीठ टाकलं बाप्पा या पेपरवाल्यायनं." प्रतिभा रडत नव्हती, माझ्याकडे बघत होती. मी पेपरवाला आहे हे तिला कोणी सांगितलं नसावं. मीही सांगितलं नाही.

त्या मशिनी सुधारल्या नाहीत. पार्लर बंद झालं. काकूंनी दारावर पुठ्ठा लावला : "पेपरात छापलं ते मी सांगितलं नाही." पण पेपर घरोघरी जातो आणि पुठ्ठा एका दारावर असतो. पुढे वर्षभर लोक येतच राहिले, "काकू, तुमीच तं सांगतलं होतं." प्रत्येकाला त्या पहिल्यापासून समजावत. एवढं बोलणं त्यांनी टेलिफोन खात्यात असतानाही केलं नसेल.

पुढे माझी बदली अमरावतीला झाली, मग मी नोकरीच सोडली. गेल्या पोळ्याच्या आदल्या दिवशी काकू गेल्या. मला प्रतिभाचा फोन आला. ती आता त्यांच्याच खोलीत दुरुस्तीला बसते, बरण्या तिच्याकडे आहेत. माझा नंबर तिला काकूंच्या वहीत सापडला. त्यापुढे लिहिलं होतं, "बाबू, पेपर." मी कोण ते त्या दिवशी तिला सांगितलं. ती म्हणाली, "मले मालूम होतं, दादा. काकूनं तवाच सांगतलं होतं. मनल्या, त्याले काही मनू नोको, छापीन तो."

आमच्या जुन्या पेपरात निधनवार्ता आली, "टीव्ही दुरुस्त करणाऱ्या" म्हणून. मी खुलाशासाठी फोन केला नाही. उन्हाळ्यात कोणाकडे गेलो की आधी कूलरचं तोंड कुठे आहे ते बघतो आणि न विचारता फिरवतो. लोक मला विक्षिप्त समजतात. डबा माझ्या घरी आहे, कात्रणही. वरातीमागून घोडं म्हणा हवं तर, पण आता कापायला आवृत्तीप्रमुख नाही, तेव्हा छापतो :

कूलरसमोर गेमची मशीन ठेवू नका.
खारपाणपट्ट्यातल्या पाण्याचं मीठ आत बसतं आणि मशीन सडते.
"ठेवा" असं लिहिणारा मी होतो.
"ठेवू नका" असं सांगत होत्या त्या टेलिफोनकाकू.

चार ओळी झाल्या. त्या दिवशी पानावर एवढीच जागा उरली होती.