माझ्या तोंडाचा पुतळा

आमच्या लिंगायतांत माणूस जाळत नाहीत. बसवून पुरतात, बेलपानं आणि विभूती घालून. बेंबळीच्या आमच्या रानात, विहिरीच्या वरच्या अंगाला आजोबा-पणजोबांच्या समाध्या आहेत. पाथरवटानं त्यांवर पिंड आणि नंदी असे देखणे कोरलेत की नंदीच्या गळ्यातलं घुंगरू न् घुंगरू मोजावं. चेहरा मात्र एकीवरही नाही. जुनी माणसं शहाणी होती. अवदसा आठवली ती मला.

अप्पा, म्हणजे माझे वडील, गेले तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो. त्यांना बावन्नावं चालू होतं. छातीत कळ आली आणि रानातच संपले. अलीकडं गावोगाव समाधीवर आईबापाचे पुतळे बसायला लागले, तेव्हा मलाही हुक्की आली. फोटो एकच, त्यातही अर्धं तोंड पटक्याच्या सावलीत. मूर्तिकार माझ्याकडं बघून म्हणाला, "तुम्ही लई वडलांवर गेलाव की. बसा समोर." चार दिवस मी पटका बांधून बसलो.

गेल्या वर्षी पुतळा बसला. गाव म्हणालं, "हुबेहूब!" मी मात्र जवळ जाऊन बघितलं. लहानपणी झाडावरून पडलो त्याची कपाळावरची खूणसुद्धा पठ्ठ्यानं सोडली नव्हती. ते अप्पा नव्हतेच. समाधीवर मी बसलो होतो.

यंदा मला बावन्नावं लागलं. हसू नका. दर अमावस्येला त्या गळ्यात हार घालताना मी डोळे मिटून घेतो. छातीत गॅस धरला तरी दरदरून घाम फुटतो. डॉक्टरनं दोनदा छातीची पट्टी (ईसीजी) काढली, "काही नाही" म्हणाला. त्याला काय माहीत समाधीवर कोण बसलंय! आणि बोलू कुणापाशी? आई दर सोमवारी तिथं पाणी घालायला जाते. तिला त्यात नवरा दिसत असेल, तो कसा हिरावून घ्यायचा?

मागच्या सोमवारी मी तिच्याबरोबर गेलो. तिनं हार पायथ्याशी ठेवला आणि तोंड फिरवलं.

"गळ्यात का घालत न्हाईस?" मी विचारलं.

ती एकदम अंगावर आली. "जित्या लेकाच्या गळ्यात मड्याचा हार घालू व्हय रे? वरीस झालं, जीव मुठीत धरून येते म्या इथं. तू दुपारी झोपलास की नाकाम्होरं बोट धरून बघते, श्वास चालू हाय का न्हाय!"

म्हणजे दोघंही वर्षभर एकाच भीतीनं मरत होतो, आणि एकमेकांना सांगत नव्हतो. मी तडक विहिरीवरच्या खोलीतून घण आणला. वर उचलला. समोर माझंच तोंड. हात काही खाली येईना.

"भित्रं कुठलं! दे इकडं." त्र्याहत्तर वर्षांच्या आईनं घण हिसकावला. जेमतेम छातीपर्यंत उचलला, पुतळ्याकडं बघितलं. आणि घण खाली टाकून दिला.

"न्हाय रे राजा. तुझ्या तोंडावर कसा घालू?"

माझं मनगट घट्ट धरून तिनं मला रानाबाहेर काढलं, एकदाही मागं न बघता.