भीमरावांच्या नटाचा आवाज

काचबिंदूने दृष्टी गेली तरी भीमराव तांबटांनी जुन्या हुबळीतल्या आपल्या भांड्यांच्या दुकानातली बैठक सोडली नाही. घागरीला टिचकी मारून ती अखंड आहे की सांधलेली, हे ते गिऱ्हाइकाला सांगत. उरलेल्या वेळात प्रभंजन हळब्यांविषयी बोलत. हे मराठी नट पूर्वी नाटक घेऊन हुबळीला येत, तेव्हा भीमराव दुकान लवकर बंद करून पहिल्या रांगेत जाऊन बसत. हळब्यांचा चेहरा आता त्यांना नीटसा आठवत नव्हता. आवाज मात्र कानात होता. खोल विहिरीतून वर येणारा, वाक्य संपलं तरी थोडा रेंगाळणारा.

हळबे बऱ्याच वर्षांनी खुनाच्या तपासाच्या मालिकेत पोलीस अधिकारी म्हणून येणार, ही बातमी सून जयलक्ष्मीने मोबाइलवर वाचून सांगितली. त्या दिवसापासून म्हातारा हवेतच होता. शेजारचा बांगडीवाला चिडवायचा, "भीमण्णा, खुनी कोण ते आमाला आधी सांगा." भीमराव म्हणायचे, खुनी कोणी का असेना, चौकशी कोण करतोय ते ऐक.

सोमवारी संध्याकाळी दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून ते टीव्हीपुढे बसले. घरात फक्त कानडी वाहिन्या होत्या आणि ती मालिका कानडीतही लागत होती. जयलक्ष्मीचं माहेर धारवाडचं, कानडी. अप्पा दिवसभर गिऱ्हाइकांशी कानडीच बोलतात, तेव्हा यात काही अडेल असं तिच्या मनातही आलं नाही. पहिल्याच वाक्याला भीमरावांचा चेहरा उतरला. शब्द सगळे कळत होते, पण माणूस दुसराच होता.

ताटात कधी मीठही मागून न घेणाऱ्या त्या माणसाने मुलापाशी हट्ट धरला, मराठी वाहिनी लाव. सदाशिव आधी 'बघू' म्हणाला, मग केबलवाल्यावर ढकललं. भीमरावांनी जेवण टाकलं तेव्हा कुठे वाहिनी आली.

ते पुन्हा सदरा घालून बसले. मालिका सुरू झाली, मराठीत. गोड, घोटीव, तरुण आवाज होता.

"हा कोण बोलतोय?" त्यांनी विचारलं.

जयलक्ष्मी म्हणाली, "अप्पा, पडद्यावर हळबेच आहेत. घशाचं ऑपरेशन झालं, त्यात त्यांचा आवाज गेला. बोलतोय तो दुसरा."

"तुला ठाऊक होतं?"

"परवा वाचलं. यांनाही सांगितलं. तुमच्यापुढे जीभ रेटेना."

"ओठ हलतात त्यांचे?"

"हलतात, अप्पा. बरोबर हलतात."

बंद करू का, असं सदाशिवने विचारलं. त्यांनी मान हलवून नको म्हटलं. मालिकेत कोणीतरी लाकडी जिना चढत होतं. हळबेच का, त्यांनी विचारलं. जयलक्ष्मी हो म्हणाली. निदान पावलं तरी त्यांची, म्हणून भीमराव पुढे झुकले आणि कान देऊन एकेक पायरी ऐकू लागले. जिना संपायच्या आतच त्यांच्या ध्यानात आलं, की ज्यांनी आवाज दुसऱ्याचा घातला, त्यांनी पावलंही दुसऱ्याचीच घातली असतील. ते मागे टेकले. मालिका पुढे चालू राहिली.