बटण सोडल्यावर

वडील फौजेत वायरलेसवर होते. पाठीवर काचेच्या व्हॉल्व्हचा सेट आणि त्याची धोंड्यासारखी बॅटरी घेऊन त्यांनी डोंगर पालथे घातले. मी मात्र मस्कतमध्ये, वादी अदाई भागातल्या एका दुकानात पंख्याखाली बसून एलईडी टीव्ही दुरुस्त करायचो. आई गेल्यापासून दर शुक्रवारी गावी वडिलांना फोन लावत होतो. मी भडाभडा बोलायचो, तिकडून काहीच नाही. दोन सेकंदांत माझं डोकं फिरायचं. "बरं, ठेवतो," म्हणून मोकळा. बापलेकात बोलण्यासारखं काही उरलंच नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. वाईट वाटायचं, पण कबूल कोण करणार?

एके दिवशी एक म्हातारे ओमानी गृहस्थ तसलेच दोन जुने सेट घेऊन आले. तरुणपणी सैन्यात असेच सेट त्यांनी पाठीवर वाहिले होते. "सदीक, दोस्त, एक बार आवाज सुनना है," एवढंच म्हणाले.

व्हॉल्व्हना नव्वद व्होल्ट लागतात आणि तसल्या बॅटऱ्या आता कुठे मिळायला! मी प्रत्येक सेटसाठी नऊ व्होल्टच्या दहा बॅटऱ्या एकापुढे एक जोडल्या. एक वायर चुकली तर सगळे व्हॉल्व्ह एकदम जळणार, म्हणून तीन-तीनदा तपासलं.

आठवड्याने ते आले. एक सेट पाठीवर चढवून, ताठ चालत, रस्त्यापलीकडे जाऊन उभे राहिले. मी दुकानातून दुसऱ्या सेटच्या रिसीव्हरचं बटण दाबलं. "हॅलो, सुनाई देता है? हॅलो! अरे बाबा, बोलो ना!" तिकडून चकार शब्द नाही. मी माझ्याच हाताच्या कामाला शिव्या घातल्या आणि आणखी मोठ्याने ओरडलो. शेवटी तेच रस्ता ओलांडून हसत परत आले.

"तुम बोलता, बोलता, बोलता! बटन दबा के रखा तो मैं कैसे बोलेगा? छोडो. फिर रुको. साथी पहाड पे होगा, थका होगा. उसको टाइम दो."

बटण दाबलेलं असताना सेट फक्त बोलतो, ऐकत नाही. वीस वर्षं दुरुस्तीत घालवून मी हे विसरलो होतो. ते पुन्हा पलीकडे गेले. मी बटण सोडलं. खरखर झाली आणि त्यांचा आवाज आला, अगदी स्वच्छ. मला वडील आठवले आणि लाज वाटली.

शुक्रवारी फोन लावला. "आबा, रात्री झोप लागते का?" एवढंच विचारलं आणि गप्प बसलो. एक, दोन, तीन. 'ठेवतो' जिभेवर आलं होतं, ते गिळलं. पलीकडे नुसता श्वास ऐकू येत होता.

"नाही लागत," वडील म्हणाले. मी थांबलो. "तुझ्या आईचं अंथरूण अजून घालतो मी. सवयीनं." बऱ्याच वेळाने म्हणाले, "सकाळी घडी घालताना जीव नकोसा होतो."

माझे डोळे भरून आले, पण मी मध्ये बोललो नाही. त्यांचं अजून संपलं नव्हतं.