कान्हेरीतला बाबांचा खांब

बाबांचा सकाळी फोन आला की तो गप्पांसाठी नसतो. "मला कान्हेरीला जायचंय. बुधवारच्या आत," ते म्हणाले. ते ठाण्याला खोपटच्या डेपोमागे एकटे राहतात, वय ब्याऐंशी, दोन्ही गुडघे कुरकुरणारे. मी कोपरला. म्हटलं, "बाबा, आयुष्यभर तेच केलंत की. आता काय बघायचं राहिलंय तिथलं?" "तू येतेस की मी एकटा जाऊ?" आमच्या घरात चर्चा म्हणतात ती एवढीच असते.

बुधवार का, ते मला कळलं होतं. माझी मुलगी पुरातत्त्व शिकते, आणि बुधवारी तिचा वर्ग कान्हेरीतले शिलालेख उतरवून घ्यायला जाणार होता. एकेक लेणं, एकेक खांब, असं तिने आजोबांना फोनवर उत्साहाने सांगितलं होतं. नातीने काही विचारलं तर उत्तर तयार हवं, म्हणून बाबा उजळणीला निघाले असणार, असं मी धरून चालले.

बाबा इतिहासाचे शिक्षक. आठवीची सहल दरवर्षी कान्हेरीला न्यायचे. छडीला त्यांनी कधी हात लावला नाही. त्यांची शिक्षा वेगळी होती. बाकावर किंवा भिंतीवर कोणी नाव कोरलं, तर त्याने वर्गासमोर उभं राहायचं, हाताची घडी घालायची आणि 'हे मी केलं' म्हणायचं. कारण सांगायचं नाही, आणि सर 'बस' म्हणेपर्यंत बसायचं नाही. आठवीत मी कर्कटकाने बाकावर माझं नाव कोरलं, तेव्हा मला त्यांनी अख्खा तास उभं ठेवलं. इतरांना पाच मिनिटांत बसवायचे. घरी आई त्यांच्यावर चिडली, तर म्हणाले, "वर्गात मुलगी नसते, विद्यार्थिनी असते." हे मी विसरलेले नाही. विसरण्याचा प्रयत्नही केलेला नाही.

खोपटहून बोरिवलीची बस मिळाली. घोडबंदर रोडवर ती जितकी चालली त्याहून जास्त उभी राहिली. बाबा मांडीवर कापडी पिशवी घेऊन खिडकीबाहेर बघत होते. नॅशनल पार्काच्या फाटकातून आतली बस पकडून आम्ही वर आलो. पायऱ्यांच्या तोंडाशी बायका काकड्या चिरून तिखटमीठ लावून देत होत्या. समोरच एका माकडाने एका बाईच्या हातातलं वेफर्सचं पाकीट ओढून नेलं आणि ती आपल्या नवऱ्यावर ओरडली. एरवी बाबांनी यावर काहीतरी शेरा मारला असता. त्यांचं लक्षच नव्हतं.

मोठ्या चैत्यापाशी ते थांबतील असं मला वाटलं. तिथे दोन्ही बाजूंना उंचच उंच बुद्ध उभे आहेत, आणि तिथूनच बाबांचा तास सुरू व्हायचा. ब्राह्मीतली अक्षरं दाखवत सांगायचे, बघा, हा कल्याणचा माणूस. आपल्या कल्याणचा. कोणी लेणं दिलं, कोणी पाण्याचं टाकं दिलं, मग नाव कोरलं. आधी द्यायचं, नाव मागाहून. हे वाक्य त्यांच्या सगळ्या विद्यार्थ्यांना पाठ असेल. त्या दिवशी मात्र ते बुद्धांकडे न बघता पुढे गेले आणि माझा खांदा धरून खडकातल्या पायऱ्या चढू लागले. दर दहा पायऱ्यांनी थांबायचे, पण परत फिरू या म्हटलं की चालायला लागायचे.

वर एका लहान लेण्याच्या ओसरीत ते शिरले आणि दुसऱ्या खांबाशी थांबले. तो खांब मी लगेच ओळखला. ठाण्याच्या घरात सहलींचे फोटो ओळीने लावलेत. दरवर्षी मुलं पुढे पायऱ्यांवर बसलेली, आणि मागे याच खांबाला पाठ लावून उभे असलेले बाबा. आम्ही मुलं त्याला 'सरांचा खांब' म्हणायचो. चढून दमतात, म्हणून टेकतात, अशी आमची समजूत होती.

बाबांनी चष्मा लावला. खांबाच्या पुढच्या अंगाला, बरोबर त्यांच्या पाठीच्या उंचीवर, त्यांनी बोट फिरवलं. मी वाकून बघितलं. दगडात देवनागरीत दोन ओळी होत्या. अक्षर मी आधी ओळखलं, नाव नंतर वाचलं. माझ्या सगळ्या वह्यांवर याच वळणाचं अक्षर असायचं. बाबांचं पूर्ण नाव, आडनाव, खाली 'ठाणे'. घाईत खरडलेलं नव्हतं. शिरोरेघा सरळ ओढलेल्या होत्या.

"वीस वर्षांचा होतो," बाबा म्हणाले. "कॉलेजच्या मुलांबरोबर आलो होतो. त्या जुन्या लोकांची नावं बघितली आणि मला..." तिथे ते थांबले. कारण सांगायचं नाही, हा आपलाच नियम त्यांना आठवला असावा.

मग त्यांनी पिशवीतून पॉलिश पेपर काढला. घडी घातलेला, कोरा, नवीन. मला आधी हसू आलं. ब्याऐंशीचा इतिहासाचा मास्तर लेण्यातला खांब घासायला निघाला होता.

"बाबा, काय करताय?"

"ती बघेल गं," ते म्हणाले. त्यांचा आवाज इतका बारीक झालेला मी कधी ऐकला नव्हता. "तिच्या सगळ्या वर्गासमोर बघेल."

मग मात्र मला राग आला. "मीही वर्गासमोरच उभी होते, बाबा," मी म्हटलं. खाली पहारेकरी कोणाला तरी शिट्टी मारून खडकावरून उतरवत होता. मी त्यांच्या हातातून तो कागद काढून घेतला. घासून तिथे पांढरा चट्टा पडला असता, आणि एकाच्या दोन चुका झाल्या असत्या. हे त्यांनीच आम्हाला शिकवलेलं होतं.

उतरल्यावर मी काकडी घेतली. त्यांनी खाल्ली नाही. परतीची बस खोपटला आली तेव्हा म्हणाले, "घरी नको. तुझ्याकडे जाऊ. ती असेल ना?"

मुलगी कोपरला जेवणाच्या टेबलावर लेण्यांचे नकाशे पसरून बसली होती. "अरे, आजोबा! मी आत्ताच तुम्हाला फोन करणार होते. बसा ना." तिने खुर्ची ओढली. बाबा बसले नाहीत. पिशवी खाली ठेवून टेबलासमोर सरळ उभे राहिले आणि त्यांनी हाताची घडी घातली.

"कान्हेरीला वरच्या अंगाला एक लहान लेणं आहे," ते म्हणाले. "त्याच्या ओसरीत दुसऱ्या खांबावर माझं नाव कोरलेलं आहे. हे मी केलं."

पुढे काही नाही. मुलगी त्यांच्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर आधी गंमत होती, मग नव्हती. म्हणाली, "बरं आजोबा. पण बसा तर आधी." ते हलले नाहीत. तिला वाटलं ऐकू गेलं नाही, म्हणून तिने पुन्हा मोठ्याने सांगितलं. तिला नियम माहीत नव्हता, आणि तिने सांगून चालणारही नव्हतं. बाबा माझ्याकडे बघत होते.

त्यांचे गुडघे थरथरत होते. मला ते दिसत होतं. तरीही मी थोडा वेळ त्यांना तसंच उभं ठेवलं, हे खरं आहे.

मग म्हटलं, "बसा, बाबा." तेव्हा ते बसले.