हॅलोबाई सही करत नाहीत

सरकारी रुग्णालयाच्या टेलिफोन बोर्डावर बसायला लागल्या तेव्हा हॅलोबाई एकवीस वर्षांच्या होत्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी एका बड्या सर्जनला ऐकवलं, "आधी नीट बोला, मग लाइन मागा." सर्जनच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. लेखी तक्रार गेली, चौकशी बसली. चौकशीत बाई म्हणाल्या, "हो, बोलले मी. ते परत तसं बोलले तर मीही परत बोलेन." त्यांना समज देण्यात आली, म्हणजे एक कागद देण्यात आला. तो त्यांनी घडी घालून खुर्चीच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली सरकवला आणि पुढची बावीस वर्षं त्या खुर्चीवर निवांत बसल्या. नाव काय ते कागदोपत्री असेल. वॉर्डबॉयपासून साहेबांपर्यंत सगळे त्यांना हॅलोबाईच म्हणत.

मग बोर्ड गेला. प्रत्येकाच्या खिशात फोन आला आणि बाईंच्या हाताला काम उरलं नाही. प्रशासनाने त्यांना तळमजल्यावरच्या यंत्रखोलीत पाठवलं. काम काय, तर धूळ पुसायची आणि कोणी विचारलं तर "सर जेवायला गेलेत" म्हणून सांगायचं. यंत्रखोलीतले सर अबोल होते, निवृत्तीला टेकले होते. पुसता पुसता ही बाई पडद्यावरचं वाचते, एवढं त्यांच्या लक्षात आलं. एक दिवस ते म्हणाले, "वाचताच आहात तर समजून तरी घ्या." दोन वर्षं शिकवलं, आणि शेवटच्या दिवशी निरोपाचं भाषण चुकवून चाव्या बाईंच्या हातात देऊन निघून गेले. दुसऱ्या कोणाला त्या खोलीत यायचं नव्हतं, त्यामुळे बाई तिथेच राहिल्या.

रुग्णालयात नोंदणीच्या खिडक्यांवर मिळून बावीस यंत्रं होती. त्यांच्यात डिस्क नव्हती. रोज सकाळी बटण दाबलं की प्रत्येक यंत्र तळमजल्यावरच्या मोठ्या यंत्राकडून तारेवरून कर्नेल मागून घेई. कर्नेल म्हणजे सगळ्या कारभाराचा गाभा. तो एकदा अंगात आला की बाकीचं सामान यंत्र त्याच तारेवरून मोठ्या यंत्राच्या डिस्कवरून वापरी. हा गाभा बांधताना हजारो प्रश्नांची उत्तरं द्यावी लागतात. अमुक जातीचं नेटवर्क कार्ड चालवायचं का? त्याचा ड्रायव्हर, म्हणजे त्या कार्डाकडून काम कसं करून घ्यायचं याची माहिती, गाभ्यातच शिवून टाकायची का? की मॉड्यूल म्हणून बाहेर डिस्कवर ठेवायची, लागेल तेव्हा उचलायला? की मुळीच नको?

प्रत्येक प्रश्नाखाली चार ओळींचा खुलासा असे, आणि बहुतेक खुलाशांच्या शेवटी तेच एक वाक्य: खात्री नसेल तर नाही म्हणा. त्या वाक्याचा बाईंना मनस्वी राग होता. "जन्मभर मला हेच सांगितलं लोकांनी," त्या म्हणायच्या. "खात्री नसेल तर विचारा म्हणायला काय होतं यांना?" त्यांनी शब्दकोश घेतला. खिडक्यांवरच्या बावीसच्या बावीस यंत्रांची झाकणं उघडली, आतल्या कार्डावरचे बारीक आकडे भिंगातून वाचून वहीत उतरवले. सगळीकडे एकाच जातीचं कार्ड निघालं. मग सहा महिने जेवणाच्या सुट्टीत त्यांनी नेटवर्कचे सगळे प्रश्न एकेक करून समजून घेतले. पुढची दहा वर्षं त्या यंत्रांनी बाईंना दगा दिला नाही. बाईंनीही कधी त्याची बढाई मारली नाही, कारण ऐकायला कोणी नव्हतं.

यंदा नोंदणीची नवी प्रणाली आली. तिच्याबरोबर ठेकेदाराचे एक इंजिनिअर आले. चाळिशीचे, घोटून दाढी केलेले, गळ्यात टाय. यंत्रखोलीतल्या उकाड्यातही तो टाय सैल झाला नाही, म्हणून शिपायाने पहिल्याच दिवशी त्यांचं नाव टायवाले करून टाकलं. टायवाल्यांनी बाईंचा पासवर्ड बंद केला. "आता तुम्ही आराम करा, बाई," ते म्हणाले. त्यांनी नवा कर्नेल आपल्या ऑफिसात बांधून आणला होता, तिथे तो छान चालला होता. तो त्यांनी मोठ्या यंत्रावर चढवला आणि जुना पुसून टाकला. दोन दोन ठेवले की गोंधळ होतो म्हणाले.

सोमवारी सकाळी बावीसपैकी एकही यंत्र उठलं नाही. काळा पडदा, वर पांढरी अक्षरं, बस्स. खिडक्यांवर रजिस्टरं आली. जुने केसपेपर सापडेनात, मागचे रिपोर्ट दिसेनात, रांग फाटकाबाहेर गेली. टायवाल्यांनी दोन दिवस खटपट केली आणि बुधवारी निकाल दिला: कार्डं जुनाट आहेत, यंत्रं भंगारात काढा. नवी यायला आठ महिने लागतील. तोवर रजिस्टर.

भंगाराचा कागद बुधवारी दुपारीच तयार झाला. इतर कुठलाही कागद त्या इमारतीत इतक्या लवकर तयार झाल्याचं कोणाला आठवत नाही. त्यावर छापील वाक्य होतं: सदर यंत्रे नादुरुस्त असून दुरुस्तीपलीकडे गेली आहेत. खाली दोन सह्यांच्या जागा. एक अधीक्षकांची, आणि त्याआधी, ज्याच्या ताब्यात वस्तू असते त्याची. म्हणजे बाईंची. ती सही नसेल तर कागद पुढे सरकत नाही असा नियम होता.

"हे खोटं आहे," बाई म्हणाल्या.

अधीक्षक साहेब दमलेले होते. तीन दिवस लोक त्यांच्या दारात येऊन भांडत होते. "बाई, तुम्ही फक्त सही करायचीय. वाचायचं नाहीये."

"मी वाचल्याशिवाय कशावरच सही करत नाही, साहेब. पगाराच्या कागदावरसुद्धा नाही. यंत्रं चांगली आहेत. पडद्यावर लिहिलंय ना काय बिघडलंय ते. कोणी वाचलं का?"

टायवाले हसले. "ड्रायव्हर सापडत नाही असं लिहिलंय. पण ड्रायव्हर मी दिलाय. ही बघा यादी. मॉड्यूल म्हणून दिलाय."

"मॉड्यूल कुठे ठेवलंय?"

"डिस्कवर. नेहमी असतं तिथेच."

"कुठल्या डिस्कवर? या यंत्रांना डिस्क नाही. डिस्क आहे खाली, तारेच्या पलीकडच्या टोकाला. तिथवर जायला कार्ड चालू लागतं, आणि कार्ड चालू करायचा ड्रायव्हर तुम्ही तिथेच ठेवलाय. माझे यजमान कुलपांचं काम करतात. किल्ली आत ठेवून दार ओढून घेणारी दोन माणसं रोज येतात त्यांच्याकडे. पण त्यांतल्या एकानेही अजून घर पाडायला काढलेलं नाही."

शिपाई खो खो हसला आणि साहेबांकडे पाहून गप्प झाला. टायवाल्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यांच्या ऑफिसातल्या यंत्राला स्वतःची डिस्क होती, म्हणून तिथे चाललं, हे त्यांच्या त्याच क्षणी लक्षात आलं असावं. पण गळ्यात टाय असला की माघार घेणं जड जातं. ते म्हणाले, "हे असं टेलिफोन बोर्डासारखं नसतं, बाई."

साहेब म्हणाले, "उद्या बारापर्यंत सही झाली नाही तर तुमची बदली चादरींच्या कोठारात. तुमच्या जागी जो येईल तो करेल सही."

संध्याकाळी घरी बाईंनी चपला काढल्या आणि तिथेच उंबऱ्यावर बसून रडल्या. दारापुढच्या टपरीत नवरा किल्ली घासत होता. तो कानस ठेवून आत आला.

"अगं, काय झालं?"

"निवृत्तीला चार वर्षं राहिलीत, अहो. चादरी मोजत काढायची का?"

सगळं ऐकून तो तिच्या शेजारी टेकला. मग म्हणाला, "मी सांगणार होतो, सही करून मोकळी हो. पण तू करणार नाहीस. उगीच कशाला सांगून माझा शब्द वाया घालवू?"

बाईंना हसू आलं. तरी भीती होतीच. आपलं चुकत असेल तर? दहा वर्षांत गाभा बदलला होता, प्रश्न बदलले होते. खात्री नसेल तर नाही म्हणा. बाईंनी ते वाक्य मनातल्या मनात चांगल्या शिव्या घालून बाजूला सारलं आणि वही काढली.

गुरुवारी दहाच्या ठोक्याला त्या साहेबांच्या केबिनमध्ये हजर. "कागद माझ्या सहीशिवाय पुढे जात नाही ना? मग माझी अट ऐका. माझा पासवर्ड परत द्या आणि खिडकीवरचं एक यंत्र इथे तुमच्या टेबलावर आणा. तुमच्यासमोर करते. नाही उठलं तर सही करते आणि चादरीही मोजते."

साहेबांनी घड्याळ पाहिलं, खिडकीतून खालची रांग पाहिली आणि मान हलवली. टायवाल्यांना बोलावणं गेलं, पासवर्ड परत मिळाला, आणि एक यंत्र वर आणून तारेला जोडलं.

काम पाहायला गेलं तर एका उत्तराचं. साहेबांच्या स्वतःच्या संगणकावरून बाई तळमजल्यावरच्या मोठ्या यंत्रात शिरल्या. त्या एका कार्डापुढे मॉड्यूल लिहिलं होतं, तिथे त्यांनी हो लिहिलं. आणि गाभा नव्याने बांधायला लावला. पस्तीस मिनिटं पडद्यावरून ओळी पळत राहिल्या. साहेबांनी दोनदा उठायचा प्रयत्न केला. दोन्ही वेळा बाई म्हणाल्या, "बसा साहेब. सही मागताना घाई तुम्हालाच होती." ते बसले.

यंत्राचं बटण दाबलं. ओळी आल्या. कार्ड सापडलं, बाईंनी बोटाने दाखवलं. आणि तिथेच अडलं. काळा पडदा, पांढरी अक्षरं.

टायवाल्यांनी हाताची घडी घातली. "म्हटलं होतं मी. जुनाट कार्डं."

साहेबांनी टेबलावरचा कागद बाईंकडे सरकवला. बाईंनी कागदाकडे पाहिलंच नाही. भिंग काढलं आणि पडद्याला नाक लावून शेवटची ओळ वाचली. परत वाचली. मग खुर्चीत मागे टेकून स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला.

"माझंही तेच झालं," त्या म्हणाल्या. "यांच्या चुकीला हसले आणि तीच चूक मी केली. या कार्डाला जागं व्हायला आणखी एक छोटी फाइल लागते. जुना गाभा ती आपल्या पोटातच घेऊन यायचा, म्हणून दहा वर्षांत मला ती कधी दिसलीच नाही. नव्या गाभ्याने ती बाहेर काढलीय. म्हणजे तीही पलीकडच्या डिस्कवर."

"म्हणजे नाही चालत," साहेब म्हणाले.

"म्हणजे आणखी पस्तीस मिनिटं लागतील."

"बाई, तुम्ही शब्द दिला होता. नाही उठलं तर सही."

"शब्द यंत्राचा दिला होता, साहेब, पहिल्या फेरीचा नाही. बारा वाजायला अजून पन्नास मिनिटं आहेत. ती तुम्हीच दिली आहेत मला, आणि मी ती पुरी वापरणार." त्यांनी वाट न पाहता खुर्ची पुढे ओढली. गाभ्यात कुठल्या फाइली शिवायच्या हे लिहायची एक जागा असते. वर्षानुवर्षं ती रिकामी होती. बाईंनी पडद्यावरच्या ओळीतलं नाव अक्षर अन् अक्षर ताडून तिथे लिहिलं. टायवाले मागे उभे होते. एका ठिकाणी ते हळूच म्हणाले, "तिथे फोल्डरचं नावही लागेल." बाईंनी मागे वळून पाहिलं, ते दुरुस्त केलं आणि "बरं झालं सांगितलंत," म्हणाल्या. तेवढ्यापुरता टायही जरा सैल झाला.

बाराला सात मिनिटं कमी असताना बटण दाबलं. कार्ड सापडलं. फाइल सापडली. तार जिवंत झाली, पलीकडची डिस्क मिळाली, आणि नोंदणीचा निळा पडदा साहेबांच्या टेबलावर येऊन उभा राहिला. बाईंनी रांगेतल्या एका म्हाताऱ्याचा केसपेपर नंबर शिपायाकरवी मागवला, टाइप केला, आणि त्याचे मागच्या वर्षीचे सगळे रिपोर्ट पडद्यावर आले.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. त्यांचा आवाज मऊ झाला होता. "मानलं तुम्हाला, बाई. मनापासून. पण एक अडचण आहे. नव्या यंत्रांचा करार मंगळवारीच झालाय. जुनी भंगारात काढल्याशिवाय नवी घेता येत नाहीत. तेव्हा आता ही एवढी सही करून टाका. तुम्ही जिंकलात, सगळ्यांनी पाहिलं. चादरींचं मी विसरलो."

म्हणजे यंत्रं मेली असं मंगळवारीच ठरलं होतं, आणि ती तपासली बुधवारपर्यंत. बाईंनी साहेबांकडे नीट पाहिलं. राग होताच, पण आता त्यांना त्या माणसाची थोडी कीवही आली. त्यांनी हात पुढे केला. "पेन द्या."

साहेबांनी सुटकेचा श्वास सोडला. टायवाले दाराकडे पाहू लागले. सहीच्या वर शेरा लिहायची दोन बोटं जागा होती, जिथे कोणी कधी काही लिहीत नसे. बाईंनी तिथे ठळक अक्षरांत लिहिलं: यातले एक यंत्र मी आज गुरुवारी बाराला सात मिनिटे कमी असताना अधीक्षक साहेबांच्या टेबलावर, त्यांच्या देखत, चालू केले. उरलेली एकवीस तशीच चालू होतील. आता ती बंद पडली तर कोणीतरी बंद पाडली असे समजावे. आणि खाली, ठसठशीत, सही केली.

साहेबांनी कागद वाचला. पुन्हा वाचला. "हे काय लिहून ठेवलंत? आता हा पुढे कसा पाठवू मी?"

"नाहीच पाठवता येणार," बाई म्हणाल्या आणि वही काखोटीला मारून उठल्या. "मी खिडक्यांवर जाते. रांगेतली माणसं सकाळपासून उभी आहेत. एकवीस यंत्रं सुरू करायची नसतील, तर ती कुणाच्या सोयीसाठी करायची नाहीत, ते त्यांना तुम्ही खाली येऊन सांगा."

साहेब खाली आले नाहीत. जेवणाच्या सुट्टीपर्यंत खिडक्यांवरची बावीसच्या बावीस यंत्रं चालू झाली.