पुष्पलताबाईची फोनपरीक्षा

बालाघाट जिल्ह्यात, लांजीच्या अलीकडे, डांबरी सडकेपासून कोसभर आत एक गाव आहे. तिथल्या पुष्पलताबाईची रोवण्याची, म्हणजे भातलावणीची, टोळी त्या भागात नावाजलेली. सव्वीस बाया. आषाढ लागला की शेतकरी धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपं, उपटून तयार ठेवतात आणि पाणी साचवलेल्या बांधीत, म्हणजे खाचरात, ते एकेक लावायला या बाया उतरतात. कोणत्या दिवशी कोणाच्या शेतात जायचं, किती बाया न्यायच्या, ट्रॅक्टर कुठे उभा राहणार, हे सगळं पुष्पलताबाई फोनवर ठरवते. त्यामुळे दिवसभर गुडघाभर चिखलात वाकलेली असली तरी फोन तिच्या कमरेला खोचलेला असतो. आणि वाकलेल्या बाईच्या कमरेचा फोन कधीतरी खाली जाणारच.

पहिला फोन तिच्या भावाने, हिरालालने, दिला होता. कार्विन कंपनीचा, बटणांचा, मुठीत मावणारा. तो पहिल्याच वर्षी बांधीत पडला. सगळ्या बायांनी चिखल चाचपला, फोन काही सापडेना. मग टोळीतल्या मंजूने धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, जाऊन शेतकऱ्याच्या फोनवरून पुष्पलताबाईचा नंबर लावला आणि सगळ्या चूप उभ्या राहिल्या. चार हातांवर, पाण्याखालून गुरगुर ऐकू आली. पुष्पलताबाईने हात घालून फोन बाहेर काढला, पदराला पुसला आणि तसाच कानाला लावून म्हणाली, "हॅलो, कोण बोलून राह्यलं?" पलीकडे मंजूच होती. तो फोन पुढे पाच वर्षं चालला. फक्त आठचं बटण चिखलाने बसलं होतं, म्हणून ज्यांच्या नंबरात आठ होता त्यांना ती स्वतःहून कधी फोन करत नसे. ते लोक अजूनही म्हणतात, त्या वर्षांत बाई आमच्यावर रुसली होती.

दुसरा मॅझो कंपनीचा. त्याचा आवाज असा की धुऱ्यावर गाणी लावली तर पलीकडच्या बांधीतली टोळीही त्याच ठेक्यावर रोवू लागायची. पण माणसाचं बोलणंही तो तसंच गावभर करायचा. एकदा पुष्पलताबाईच्या सासूने फोन केला आणि सांगितलं, "त्या मंजूच्या हातचा चहा पिऊ नको वं, नुसतं पाणी रायते." मंजू शेजारीच पऱ्ह्यांची जुडी सोडत होती. दुसऱ्या दिवशी तिने असा दाट चहा आणला की चमचा उभा राहावा, आणि त्यातला कपभर सासूकडेही धाडला.

तिसरा फोन जावयाने, राजूने, दिलेला. झिओरा कंपनीचा टचवाला, काचेचा. फोटो सुंदर यायचे, पण ओलं बोट त्याला चालत नसे. कोरडं करायला पदर धरावा तर पदरही ओला. शेतकऱ्याचा फोन यायचा, वाजून वाजून बंद व्हायचा. शेवटी एके दिवशी पुष्पलताबाईने मंजूला फोन तोंडासमोर धरायला लावला आणि नाकाने उचलला. लागला. त्या हंगामात सगळ्या टोळीने नाकाने फोन उचलायची सवय लावून घेतली.

चौथा तर आणखी शहाणा. लुमिको कंपनीचा, बोटाचा ठसा पाहून उघडणारा. मागच्या वर्षी चैत्रात घेतला तेव्हा उघडायचा. रोवणा लागून आठ दिवस झाले आणि त्याने तिला ओळखायचं सोडलं. चिखलपाण्याने बोटं पांढरी पडली होती, रेषा झिजल्या होत्या. "चाळीस वर्षं या बोटांनी पऱ्हे लावून राह्यली मी," ती त्याला म्हणाली, "अन् तू म्हणतं मी पुष्पलता नोहे." यंदा तोही बैलांच्या हौदात पडून गेला.

रोवण्याला आठवडा उरला होता. आजवर चारही फोन कुणी ना कुणी दिलेले, किंवा दुकानात दुसऱ्याने निवडलेले. या वेळी पुष्पलताबाई बसमध्ये बसून स्वतः बालाघाटला गेली. सोबत श्रुतिका होती, धाकटी मुलगी, तिथेच नर्सिंग शिकणारी. काली पुतळी चौकाजवळच्या दुकानात वीरेंद्र नावाच्या दुकानदाराने काचेवर सहा फोन मांडले आणि कॅमेरा सांगायला सुरुवात केली.

"कॅमेरा राहू दे भाऊ," पुष्पलताबाई म्हणाली. "एक गिलास पाणी दे."

वीरेंद्रला वाटलं तहान लागली. त्याने पाणी दिलं. तिने त्यात चारही बोटं बुडवली आणि पहिल्या फोनवर ठेवली.

"मौसी, ये डेमो पीस है."

"मंग डेमोच तर पाहून राह्यली मी."

पहिला फोन मुका राहिला. दुसऱ्याने भलताच नंबर लावला. तिसरा सुरू झाला, पण नाक लावल्यावर गप्प. श्रुतिका लाजून दुसरीकडे पाहू लागली. दुकानात शेजारीच एक चष्मेवाले गृहस्थ वही उघडून बसले होते. त्यांनी चष्मा वर करून विचारलं, "बाई, हे नाकाचं काय आहे?"

तिने त्यांना सगळं सांगितलं. कार्विनची गुरगुर, मॅझोचा चहा, लुमिकोने नाकारलेली बोटं. गृहस्थ हसता हसता वहीत लिहू लागले. त्यांचं नाव गुणाकर. सिंचन खात्यातून निवृत्त, राहायला बालाघाटातच. बायकोसाठी फोन घ्यायला आले होते आणि पंधरा दिवसांपासून कंपन्यांना गुण देत होते. बॅटरीला दहापैकी, पडद्याला दहापैकी. पहिल्या दोन कंपन्यांत अर्ध्याच गुणाचा फरक होता, म्हणून निर्णय अडला होता.

"बाईसाहेबाईले काय पायजे?" पुष्पलताबाईने विचारलं.

"म्हणजे, चांगला फोन."

"त्यायले विचारलं का तुमी?"

गुणाकरांनी वही मिटली. तसं त्यांनी विचारलं नव्हतं. तिथूनच त्यांनी घरी फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. पलीकडून चारुलताबाईंचा शांत आवाज आला. "अहो, मला त्या फोनवर वाचायचं काही नाही. गुडघ्यांमुळे दोन वर्षं मी अंगणाबाहेर गेले नाही. मला माणसं मोठी दिसावीत आणि त्यांचं बोलणं नीट ऐकू यावं, बस."

"बाई, तुमचं माहेर कुठलं?" पुष्पलताबाईने मधूनच विचारलं.

"रामपायली. का हो? आपण कोण?"

"मी रोवणेवाली."

मग चारुलताबाई बोलू लागल्या त्या थांबेनात. माहेरी सात बांध्या होत्या, लहानपणी आईची नजर चुकवून त्या बायांच्या रांगेत शिरत. लग्नानंतर रोवणा पाहिलाच नाही, पाहिला तो गाडीच्या खिडकीतून. गुणाकर ऐकत राहिले. लग्नाला अडतीस वर्षं झाली होती आणि यातलं निम्मं त्यांनाही नवं होतं.

परीक्षा पुन्हा सुरू झाली, आता दोघांची मिळून. पाच-सहा गिऱ्हाइकंही भोवती जमली. शेवटची परीक्षा बोलण्याची होती. पुष्पलताबाईने चौथ्या फोनला सांगितलं, "संघमित्राले फोन लाव." संघमित्रा टोळीतलीच, तिचा नंबर श्रुतिकाने आधीच या फोनांमध्ये भरून ठेवला होता. फोन म्हणाला, संघमित्राले नावाचं कोणी नाही. पाचवा हिंदीतून माफी मागून मोकळा झाला. सहावा जरासा थांबला आणि लावला की फोन. संघमित्राने उचलला तेव्हा दुकानातल्या दहा माणसांनी एकदम "हौ, लागला" म्हटलं आणि ती बिचारी घाबरून विचारत राहिली, कोण मेलं, कोण मेलं.

त्या सहाव्या फोनने ओलं बोट घेतलं होतं, नाकही घेतलं होतं, आणि त्याचा पडदा मोठा, आवाजही स्वच्छ होता. गुणाकरांच्या वहीत तो चौथ्या नंबरावर होता. त्यांनी दोन मागितले, एक पुष्पलताबाईसाठी, एक घरासाठी. "पैसे ज्याचे त्यानं," पुष्पलताबाईने लगेच सांगितलं, आणि चारुलताबाईंचा नंबर तेवढा मागून घेतला.

रोवण्याच्या पहिल्या दिवशी सकाळी नऊला तिने व्हिडिओ कॉल लावला. धुऱ्यावर काठी रोवून तिला फोन बांधला. सव्वीस बाया पाठ वाकवून मागे मागे सरकत होत्या, पायांचा चुबुकचुबुक आवाज येत होता. चारुलताबाई पाहत राहिल्या. पाच मिनिटांनी त्यांचा आवाज आला, "डावीकडून तिसरी बाई कोण? तिची पात वाकडी चालली आहे, रोपं ओळीत नाहीत."

तिसरी मंजू होती. तिने कंबर सरळ केली. "बालाघाटहून दिसून राह्यलं का यायले?" सगळी बांधी हसली. त्यानंतर रोज सकाळी चारुलताबाईंचा फोन यायचा आणि त्या नावानिशी बायांची चौकशी करायच्या. संघमित्राच्या लेकराचा ताप उतरला का, मंजूची पात सरळ झाली का.

दहाव्या दिवशी फोन आला नाही. पुष्पलताबाईला चैन पडेना. दुपारी तिने स्वतःच लावला, तर पलीकडे गाडीचा आवाज. "वळण कोणतं ते सांगा," गुणाकर विचारत होते, "आम्ही सडकेवर उभे आहोत."

ट्रॅक्टरवाल्याने चारुलताबाईंना गाडीतून आणलेल्या खुर्चीसकट उचलून धुऱ्यावर बसवलं. त्यांनी चपला काढल्या, साडी पोटरीपर्यंत वर घेतली आणि दोन्ही पाय चिखलात सोडले. गुणाकर म्हणत होते, डॉक्टरांनी सांगितलं आहे की ओलाव्यात जायचं नाही. त्यांचं कोणी ऐकत नव्हतं.

"एक जुडी द्या बरं इकडे," चारुलताबाई म्हणाल्या.

मंजूने स्वतः जुडी सोडून त्यांच्या हातात दिली. त्यांनी खुर्चीतून वाकून, हाताला येईल तिथवर, सात रोपं लावली. अगदी एका ओळीत. मग मान वर करून मंजूकडे पाहिलं, आणि दोघी हसू लागल्या.