सीटवरची डहाळी

तिसऱ्या दिवशीही त्या मोटरसायकलच्या सीटवर हिरवी डहाळी होती आणि डहाळीवर मुठीएवढा दगड. यार्डाला कुलूप होतं. आदल्या संध्याकाळी मी ते स्वतः लावलं होतं आणि किल्ली घरी नेली होती.

"झिबलभाऊ, हे कोण ठेवते?" मी विचारलं.

झिबलभाऊ आमचे वॉचमन. साठीला टेकलेले, जंगलातल्या खेड्यातून रोज सायकलने येणारे. बोलणं मोजकं. त्यांनी गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं नाही.

"साहेब, त्या गाडीचं असं हाय का..."

"गाडीचं नका सांगू. डहाळी कोण ठेवते, तेवढं सांगा."

"ते नाई सांगता येत साहेब," ते म्हणाले आणि झाडू घेऊन पलीकडे गेले.

मी तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका नगरपालिकेत पार्किंगचा निरीक्षक होतो. गावाचं नाव लिहीत नाही. तिथे अजून माझी ऊठबस आहे. काम सोपं. नो-पार्किंगमध्ये उभी असलेली गाडी क्रेनच्या गाडीने उचलायची, म्हणजे टोइंग करायची, आणि यार्डात आणून ठेवायची. यार्ड म्हणजे तारेचं कुंपण घातलेलं मोकळं मैदान. उचलताना एक मेमो भरायचा: गाडीचा नंबर, वेळ आणि लोकेशन, म्हणजे कुठून उचलली. सोडवायला मालकाने स्वतः यायचं, कागद दाखवायचे, दंड भरायचा. गाडीवर जुने चालान बाकी असले, त्याला आम्ही पेंडिंग म्हणतो, तर तेही आधी मिटवायचे. या नियमात मी कधी कुणाला सूट दिली नाही. मला त्याचा अभिमान होता, हेही सांगून टाकतो.

ही मोटरसायकल सोमवारी आली होती. त्या दिवशी कुणी मोठे पाहुणे जंगलाच्या रस्त्याने जाणार होते आणि रस्ता दुतर्फा मोकळा करा असा वरून फोन होता. क्रेनवर वसीम होता. चांगला ऑपरेटर, वडिलांचं गॅरेज, हात साफ. दुपारपर्यंत त्याने नऊ गाड्या आणल्या. त्यातली ही शेवटची. मेमोवर लोकेशन होतं 'बसस्टँडसमोर'.

इथे एक आतली गोष्ट सांगायला हवी. आमचे निम्मे मेमो 'बसस्टँडसमोर'चेच असायचे. गाडी गल्लीत असो, बाजारात असो की हद्दीच्या बाहेर असो. बसस्टँडसमोर पाटी होती, तिथल्या पावतीवर कुणी वाद घालू शकत नव्हतं. ही सवय मीच लावली होती. वीस वर्षांत तिने कुणाचं काही बिघडवलं नव्हतं.

मंगळवारी सकाळी पहिल्यांदा डहाळी दिसली. मला वाटलं, वाऱ्याने आली असेल. पण वारा दगड ठेवत नाही. मी ती काढून फेकली. बुधवारी पुन्हा तशीच, ताजी, पानांवर ओल. पानं रुंद, राठ. असलं झाड आमच्या गावात कुठे नव्हतं. मी कुलूप बदललं. गुरुवारी पुन्हा. यार्डात तेव्हा तीस-चाळीस मोटरसायकली होत्या, धूळ खात पडलेल्या. दुसऱ्या एकीवरही पान नव्हतं.

शुक्रवारी मी वसीमला ते दाखवलं. तो दोन पावलं मागे सरकला.

"साहेब, ही तर मी काढली होती."

"कधी?"

"सोमवारी. उचलताना सीटवर अशीच होती, दगडासकट. दगड तिथीच टाकला, डहाळी क्रेनमधी फेकली. आता रोज येऊन राह्यली का ती?"

त्यानंतर वसीम त्या कोपऱ्यात गाडी लावीना. आमचा यार्डातला कुत्रा तिथेच झोपायचा, त्या मोटरसायकलच्या सावलीत, आणि तोंड नेहमी फाटकाकडे. मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. पण शुक्रवारी संध्याकाळी कुलूप लावताना मला पाठ फिरवायला नको वाटलं, हे खरं आहे. कुणीतरी रोज काहीतरी सांगत होतं आणि मला ते वाचता येत नव्हतं.

शनिवारी अकराच्या सुमाराला एक बाई आली. तिशीची, पायात धूळ, हातात प्लास्टिकच्या पिशवीत कागद. नाव सुमन. गाडी तिच्या नवऱ्याची, देवरावची. तो घुग्घुसकडे सिमेंटच्या कारखान्यात कामाला. सोमवारी पहाटे घरून निघायचा, शनिवारी परत. या सोमवारी निघाला, तो कामावर पोचलाच नाही. बुधवारी त्याचा नेहमीचा फोन आला नाही, गुरुवारी तिने कारखान्यात विचारलं, शुक्रवारी ती पोलिसांत गेली.

हे सगळं तिने नंतर सांगितलं. आधी बोललो मी. नंबर टाकला, स्क्रीन पाहिली आणि माझं नेहमीचं सुरू केलं.

"तीन चालान पेंडिंग आहेत. हेल्मेटचे. ते भरा. अन् गाडी तुमच्या नावाची नाही, मालकाला घेऊन या."

तिने कागदांची पिशवी टेबलावर ठेवली. "मालकालेच हुडकून राह्यली ना साहेब."

मी खुर्ची दिली. पाणी दिलं. मग तिने सांगितलं.

"पोलीस म्हणते, गाडी बसस्टँडवर सापडली, म्हणजे तुमचा माणूस बसमधी बसून गेला. तेलंगणात मिरची तोडाले गेला असन. येईन म्हणते परत. पण मिरची तोडाले जाणारा माणूस गाडी घरी ठेवून जाते ना? बसस्टँडवर उभी करते का कोणी?"

"मग तुम्हाला काय वाटतं?"

"रानात मधाचं पोळं पाहून ठेवलं होतं त्यानं. कुठी, ते नाई सांगितलं. रस्त्याच्या दोन्ही अंगाले रान हाय, वीस किलोमीटर. कुठी पाहू?"

गाडी बघू द्या म्हणाली. मी तिला कोपऱ्यात नेलं. त्या दिवशीची डहाळी सीटवर होतीच. बाई चालता चालता थांबली. तिने हात पुढे केला, पण लावला नाही.

"ही कोण ठेवली?"

"तेच तर कळत नाही. तुम्ही नाही ना?"

"मी आज पहिल्यांदा येऊन राह्यली." तिचा आवाज खाली गेला. "साहेब, आमच्या इकडे माणूस रानात शिरला का डहाळी तोडून वाटेच्या तोंडाशी ठेवते. गाडी असली तर गाडीवर. दगड ठेवते, उडू नये म्हणून. बाहेर आला का स्वतःच काढून फेकते. दिवस बुडाला तरी डहाळी दिसली तर जाणारा थांबते, हाका मारते, गावात जाऊन सांगते. डहाळी हाय म्हणजे माणूस आत हाय."

मी तिथेच उभा राहिलो. सोमवारी त्या सीटवर डहाळी होती आणि आम्ही ती काढली होती.

वसीमला बोलावलं. कुठून उचलली, खरं सांग.

"नाल्याच्या पुढून साहेब. वाघाच्या पाटीजवळून."

नाल्यापाशी आमची हद्द संपते. पुढे दीड किलोमीटरवर वनविभागाची पाटी आहे: हा वाघांचा भ्रमणमार्ग आहे, वाहन थांबवू नये. त्या पाटीमुळे तिथे सहसा कुणी थांबत नाही. आणि ज्या खुणेपाशी गावचा माणूस हटकून थांबला असता, ती सोमवारी दुपारी क्रेनमध्ये पडून यार्डात आली होती.

मी पोलीस ठाण्यात फोन केला. ड्युटीवरचा जमादार भला माणूस होता. "साहेब, तुमच्याच मेमोवर बसस्टँड आहे. तुमच्या कागदावरून आम्ही शोध थांबवला. तुम्ही लेखी बदला, मी लगेच वनवाल्यांना सांगतो."

मग मी आमच्या नगरपालिकेच्या मुख्याधिकारी मॅडमकडे गेलो; त्या नवीन होत्या, हुशार होत्या. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं.

"हद्दीबाहेरून गाडी उचलली आणि खोटं लोकेशन टाकलं, असं लिहून देणार तुम्ही?"

"हो."

"मग मला चौकशी लावावी लागेल. तुमच्यावर. रिटायरमेंटला किती राहिलेत?"

"चौदा महिने."

"विचार करा," त्या म्हणाल्या.

मी लगेच लिहून दिलं असतं तर ही गोष्ट सांगताना मला बरं वाटलं असतं. मी चहाच्या टपरीवर गेलो. तिथे पाऊण तास बसलो. पेन्शन, मुलीचं लग्न, सगळं डोक्यात फिरून गेलं. परत आलो तेव्हा सुमन यार्डात गाडीजवळ खाली बसली होती आणि कुत्रा तिच्या पायाशी होता.

"गाडी घेऊन जा," मी म्हणालो. "चालानचं मी बघतो."

"घरी नाई नेत साहेब. जिथून उचलली तिथी ठेवून द्या." ती उठली. "तो बाहेर येईन अन् गाडी नाई दिसन, तर काय समजन तो?"

इतक्या वर्षांच्या नोकरीत, गाडी परत नो-पार्किंगमध्ये नेऊन ठेवा, असं मला कुणी म्हटलं नव्हतं. मी टेबलाशी गेलो आणि एका कागदावर सहा ओळी लिहिल्या. सही केली. जमादाराला फोटो पाठवला.

तीन वाजता आम्ही त्या पाटीजवळ होतो. वसीमने गाडी क्रेनवरून उतरवली, मागच्या चाकाच्या जुन्या खुणेवर अचूक ठेवली आणि डहाळी सीटवर आपल्या हाताने नीट केली. दोन वनरक्षक आले, जवळच्या गावातले आठ-दहा लोक काठ्या घेऊन आले. हाका मारत आत शिरले. मी रस्त्यावरच थांबलो. रान विलक्षण शांत होतं. हाका आत जात होत्या आणि काहीच परत येत नव्हतं.

वीस मिनिटंही लागली नाहीत.

देवराव बेहड्याच्या उंच झाडावरून पडला होता. वाघाचा काही संबंध नव्हता. मांडीचं हाड मोडलेलं. त्याने दोन काटक्या लावून दुपट्ट्याने पाय बांधला होता. झाडापासून पालापाचोळ्यात फरफटल्याचा पट्टा होता, लांबच लांब, सरळ रस्त्याच्या दिशेने. शेवटी तो एका येनाच्या झाडाच्या बुंध्याला टेकून बसला होता. रस्त्यापासून दोनशे पावलं असतील. तोंड रस्त्याकडे होतं.

पंचनाम्यासाठी मला आत बोलावलं. मी त्याच्या शेजारी उभा राहून त्याच्या नजरेच्या रेघेत पाहिलं. झाडांच्या फटीतून तेवढीच जागा दिसत होती. मोटरसायकल स्पष्ट दिसत होती. सीट दिसत होती. सीटवरची डहाळीसुद्धा.

तो तिथे सरपटत पोचला तेव्हा त्या फटीत काय दिसलं असेल, हे मला माहीत आहे. रिकामा रस्ता. तो कितव्या दिवशी गेला हे डॉक्टरांनी कागदावर लिहिलं असणार. मी तो कागद मागितला नाही. आजही मागणार नाही.

सुमन रडली नाही तेव्हा. ती गाडीपाशी गेली, दगड उचलून बाजूला ठेवला, डहाळी काढली आणि रानाच्या दिशेने फेकली. "आला," एवढंच म्हणाली.

चौकशी झाली. मी सगळं कबूल केलं, वसीमचं नाव येऊ दिलं नाही, कारण सवय माझी होती. एक वेतनवाढ थांबली. मला ती शिक्षा कमी वाटली, पण जास्त द्या असं म्हणायचा फॉर्म आपल्याकडे नाही.

चौकशीच्या आधी, पुढच्याच सोमवारी मी यार्डात गेलो. कोपरा रिकामा होता. झिबलभाऊ झाडत होते. त्यांच्या सायकलच्या कॅरिअरला तीच रुंद, राठ पानं अडकलेली दिसली आणि मी जागच्या जागी थांबलो.

"तुम्ही ठेवत होता?"

"हो साहेब. क्रेनमधी डहाळी पडलेली दिसली सोमवारी. समजलो, माणूस आत हाय अन् खूण निघाली. खूण निघाली तर ज्याले दिसली त्यानं दुसरी ठेवा लागते. रोज येता येता रानातून तोडून आणत होतो."

"अन् कुलूप?"

"मागची तार वर होते ना."

ती तार वर होते हे मला सोडून सगळ्यांना माहीत होतं. मला राग आला. खरं तर राग कुणाचा, हे मला कळत होतं, तरी मी आवाज चढवला.

"मग मला सांगितलं काऊन नाई?"

झिबलभाऊंनी झाडू थांबवला. पहिल्यांदा सरळ माझ्याकडे पाहिलं.

"सांगाले आलो होतो. तुमी म्हणलं, गाडीचं नका सांगू. तुमी रोज विचारलं, कोण ठेवते. कायले ठेवते, ते एक दिवस नाई विचारलं."

रिटायर होण्याआधी मी मेमोत एक नवा रकाना घालून घेतला: 'वाहनावर काय ठेवलेले होते व का'. तो भरल्याशिवाय हुक लावायचा नाही. नव्या ऑपरेटरांना त्यातलं 'व का' फालतू वाटतं, आणि बहुतेक जण तिथे एक आडवी रेघ मारून मोकळे होतात.